वईतलं खिंडार

"ऐकलंस का गो, पलीकडची वाडी विकली."

आमच्या नागावात सकाळची पहिली बातमी वर्तमानपत्राआधी वईवरून येते, आणि बहुतेक वेळा माईच ती आणतात. माईंच्या आणि आमच्या वाडीमध्ये भिंत नाही. जास्वंद, अडुळसा, मेंदी, मोगली एरंड, आणि जिथे काहीच रुजलं नाही तिथे सुकल्या झावळ्या उभ्या करून सुंभाने आवळलेल्या, अशी ती वई. विहिरीच्या अंगाला तिच्यात एक खिंडार आहे. ते कोणी पाडलं ठाऊक नाही आणि बुजवायचं कोणाच्या मनात आलं नाही. विरजण, वालाचं बिरडं, पाहुणे आले की जास्तीची गादी, नवऱ्याबद्दलच्या तक्रारी, सगळी ये-जा तिथून.

"केवढ्याला?" मी विचारलं. हा प्रश्न आमच्याकडे कोणीही कोणालाही विचारतं.

"आकडा ऐकून मला घेरी आली. आणि भाव कसला, तर गुंठ्याचा! पूर्वी वाडी बघायला माणूस आला की माड मोजायचा, पोफळी मोजायचा, विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखायचा. हे आले नि विचारतात, समुद्र चालत किती मिनिटं."

"कोण आहेत?"

"मुंबईचे. बाई बोलायला बरी वाटली. पण भिंत घालणार म्हणे. चारी बाजूंनी, आठ फूट."

हे सांगताना माईंनी कमरेवर हात ठेवले. भिंत या विषयावर माईंचा अधिकार मोठा आहे. गेल्या वर्षी त्या लेकीकडे मेलबर्नला राहून आल्या, आणि तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात कुंपणांची जागतिक तुलना असते. लेक राहते पॉइंट कुकला, शहराच्या पश्चिम टोकाला. तिकडेही आपल्यासारखीच सुटी घरं. एकाची भिंत दुसऱ्याला लागत नाही, चारी बाजूंनी मोकळं, पुढे गवत, मागे गवत, बाजूला गाडीची खोली. पाव एकरावरचं स्वतःचं घर हे तिथल्या कित्येक पिढ्यांचं स्वप्न. माईंनी हिशेब केला: पाव एकर म्हणजे दहा गुंठे.

"दहा गुंठ्यांत आपलं परसू होतं गो! आणि आता तेवढंही मिळत नाही. जावयाच्या वाट्याला त्याच्या निम्मंसुद्धा नाही, आणि त्यावर कर्ज तीस वर्षांचं."

पण त्यांना सगळ्यात आवडला तो कुंपणाचा कायदा. व्हिक्टोरिया राज्यात 1968 पासून कुंपणाचा म्हणून एक स्वतंत्र कायदा आहे. दोन घरांमधलं कुंपण पुरेसं असावं आणि त्याचा खर्च दोघांनी निम्मा निम्मा करावा, असा साधारण नियम. एकाला नवीन घालायचं असेल तर आधी दुसऱ्याला रीतसर नोटीस द्यायची: कुठून कुठे, कसलं, किती खर्च. शेजाऱ्याला ते पटलं नाही तर तो हरकत घेतो. "भांडायचं तेसुद्धा कागदावर," माई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. माईंची आणि त्यांच्या जावेची हद्दीवरून जी भांडणं झाली ती गावाने ऐकलेली आहेत.

कौतुक तिथेच थांबलं. कारण ते कुंपण लाकडी फळ्यांचं, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच. पलीकडे भांडी वाजतात, मूल रडतं, मांस भाजल्याचा वास येतो, पण दिसत काही नाही. लेक त्या घरात राहायला गेल्यावर शेजारच्या माणसाचं तोंड कधी बघितलं ते तिला आठवत नाही. त्याच्याशी कुंपणाचे पैसे मात्र आधीच वाटून झाले होते. माईंनी एका फळीला गाठीचं भोक शोधून काढलं आणि त्यातून पलीकडच्या आजीशी ओळख केली. आजी ग्रीक निघाली. दोघींनाही इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे ओळख लवकर वाढली. पुढे त्या भोकातून लिंबं आली. भोक लहान होतं, म्हणून मग वरून.

शेजारधर्म तिकडेही आहे, फक्त त्याचं वेळापत्रक असतं. घराघराला चाकांचे डबे, झाकणांचे रंग वेगवेगळे: कचऱ्याचा वेगळा, पुन्हा वापरायच्या वस्तूंचा वेगळा, बागेतल्या पालापाचोळ्याचा वेगळा. ठरल्या रात्री ते रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायचे. शेजारी गावाला गेला असेल तर त्याचा डबा आपण ओढून ठेवायचा. मागच्या गवतात कपडे वाळत घालायची एक दांडी असते, मधे खांब, वर चार हात, वाऱ्याबरोबर कपड्यांसकट गरगर फिरते. अॅडलेडच्या लान्स हिल नावाच्या माणसाने 1945 मध्ये ती आपल्या घरासाठी बनवली आणि पुढे देशभर घरोघरी लागली. माईंच्या नऊवारीने तिला पहिल्याच दिवशी असा वेढा दिला की जावयाला शिडी आणावी लागली.

आणि तो पॉसम. रात्री छपरात शिरून धुडगूस घालणारा, मांजराएवढा. पकडलात तरी त्याला लांब नेऊन सोडता येत नाही. जिथे धरला तिथून पन्नास मीटरच्या आतच सोडायचा, असा नियम. "म्हणजे परत आपल्याच छपरात!" माई हसल्या. "आपल्याकडे वानरं वाडीत उतरली की आपण पलीकडच्या वाडीत हाकलतो, पलीकडचे पुढच्या वाडीत. निदान खेळ सगळ्या आळीचा होतो."

तिकडे शेजाऱ्यांवरची एक मालिका आहे, नावच 'नेबर्स'. 1985 साली सुरू झाली नि चाळीसेक वर्षं चालली. ती ज्या गल्लीत चित्रित होत असे ती खरी गल्ली मेलबर्नच्याच व्हर्माँट साउथ भागात आहे. लोक फोटो काढायला जातात. लेकीने माईंनाही नेलं. माईंचा अभिप्राय: "मालिकेत जो तो दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. आणि खऱ्या गल्लीत दुपारी कुत्रंसुद्धा दिसेना."

आता आमच्याबद्दल सांगायचं, तर आम्हीही काही साळसूद नाही. वाडी विकणाऱ्याला नावं ठेवणं सोपं असतं. पलीकडच्या वाडीच्या सातबाऱ्यावर चुलत-आते मिळून नावांची रांग होती. कोणी दादरला, कोणी डोंबिवलीला, एक अमेरिकेत. वाडीत राहणारा एकटा म्हातारा. माडावर चढायला माणूस मिळत नाही, मिळालाच तर झाडामागे जे मागतो त्यात नारळ विकत आणून होतात. मग भाऊबंद जमले, वाटे झाले, वाडी गेली. आणि मी तरी काय करते? पुढच्या दोन खोल्यांना वातानुकूलन यंत्रं लावून फाटकावर पाटी टांगलीच आहे: राहण्याची व घरगुती जेवणाची सोय. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांच्या जिवावर धाकट्याची फी जाते. मुंबईकर नको म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पूर्वी मुंबईत कोणाला खुळा म्हणायचं तर "अलिबाग से आया है क्या" असं विचारत. त्यावर बंदी घाला म्हणून 2019 साली एक अलिबागकर उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने विनोद म्हणून सोडून द्या असं सांगितलं आणि याचिका फेटाळली. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. त्याआधी गेटवेवरून येणारी माणसं पिशवी घेऊन उतरायची. आता ती गाडीसकट उतरू लागली. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू उघडला, जवळजवळ बावीस किलोमीटरचा, नि वडखळच्या रस्त्यानेही रांग लागली. आता सगळी मुंबईच अलिबागला जाऊन आलेली असते.

बंगल्यांच्या गप्पा निघाल्या की गाडी किहीमला जातेच. नीरव मोदीचा तिथला समुद्रकाठचा बंगला मार्च 2019 मध्ये सरकारने स्फोटकं लावून पाडला. बांधकाम इतकं भक्कम की नुसत्या यंत्रांनी दाद देईना. आमच्या आळीत त्या दिवशी एकच चर्चा होती: एवढं सिमेंट आत घातलं तर आधी परवानगी घालायला काय झालं होतं. माईंचे यजमान मात्र म्हणाले, किहीमची खरी घरं पाहायची तर झाडावर पाहा. पक्षितज्ज्ञ सलीम अली 1930 साली किहीमला राहायला होते, हाताशी नोकरी नव्हती, तेव्हा घराजवळच्या सुगरणींची वसाहत त्यांनी दिवसचे दिवस पाहिली. नर घरटं अर्धवट विणून ठेवतो. माद्या येतात, आत डोकावतात, ओढून बघतात, नापसंत झालं तर निघून जातात. एखादीला पटलं की मग तो पुढचं बांधकाम, लांब नळीसारखं दार, पूर्ण करतो. आणि ती अंडी घालून बसली की हा शेजारीच दुसरं घर काढतो, दुसरीसाठी.

"बिल्डरच," माई म्हणाल्या, आणि यजमानांकडे उगाच बारीक नजरेने पाहिलं.

भिंतीचं मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. त्याचं कारण गप्पा बंद पडतील हे नाही. गप्पा काय, फोनवरही होतात. कारण पाणी आहे. नागाव-अक्षीकडच्या आमच्या वाड्या म्हणजे रस्त्यापासून समुद्राकडे गेलेल्या लांबच लांब पट्ट्या. घर रस्त्याच्या बाजूला, मागे विहीर, मग पोफळी नि माड, आणि टोकाला सुरूचं बन नि वाळू. पावसाचं पाणी कुणाचीच हद्द मानत नाही. ते आमच्या वाडीतून माईंच्या वाडीत, तिथून पलीकडच्या वाडीतून ओहोळाला मिळतं. झावळ्यांच्या वईतून ते आरपार जातं. चिऱ्याच्या, सिमेंट लावलेल्या भिंतीला ते अडतं, आणि मग पोफळीच्या मुळाशी तुंबून राहतं. पोफळीला पाणी रोज हवं, पण साठलेलं चालत नाही, मुळं कुजतात.

आणि उन्हाळ्यात उलट गोष्ट. किनाऱ्याच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्याच्या वर असतं, हलकं म्हणून. बेताने उपसलं तर उन्हाळाभर पुरतं. आमच्या विहिरीवर रहाट होता तेव्हा बैल दमायचा, आपोआप बेत राहायचा. पंप आले नि तो बेत सुटला, हे आम्हीच केलं. त्यात कोणी मोठा पंप लावून पोहण्याचा तलाव भरायला घेतला की खालचं खारं वर चढतं, आणि ते त्याच्याच विहिरीत थांबत नाही. मेच्या शेवटाला माई सकाळी पाण्याची चूळ भरून बघतात. मचूळ लागली की त्या दिवशी वईशी पहिलं वाक्य तेच.

वई अगदीच नसली तर काय होतं, तेही आम्ही पाहिलं आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. दुपारी वारा असा सुटला की पोफळी एकीवर एक आडव्या होत गेल्या, कौलं उडून माजघरात आकाश दिसायला लागलं. संध्याकाळी बाहेर आलो तर कोणाची वाडी कुठे संपते ते कळेना. माईंचा माड आमच्या न्हाणीवर, आमचा फणस त्यांच्या गोठ्यावर. करोनामुळे कोणी कोणाच्या दारात जायचं नाही असे ते दिवस, पण दारंच राहिली नव्हती. वीज कित्येक दिवस नव्हती. चूल एकीकडे पेटायची, भात सगळ्यांचा व्हायचा. पडलेले नारळ कोणाचे, यावरून पहिल्या रात्री तोंडातून शब्द काढला नाही कोणी. चौथ्या दिवशी काढला, आणि त्या भांडणाने जरा हायसं वाटलं, की चला, सगळे ताळ्यावर आले. सुपारीचं रोप लावलं की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. तेव्हा लावलेली रोपं आता कुठे उत्पन्नाला लागतायत, आणि त्यांच्याच मुळाशी हे भिंतीचं पाणी तुंबणार, हा माझा राग आहे.

माईंचा उपाय जुना. "दगड उभा करू," त्या म्हणाल्या. शेजारच्या अक्षी गावात शके 934 चा, म्हणजे इसवी सन 1012 चा शिलालेख आहे; मराठीतला सगळ्यात जुना म्हणून अभ्यासक त्याचा मान करतात. त्यात देवीसाठी नेमून दिलेल्या धान्याची नोंद आहे. आणि या अक्षी-चौलच्या पट्ट्यात गधेगाळही आहेत, गाढव कोरलेले दगड. दान दिलेल्या जमिनीला जो बोट लावील त्याच्या आईचा उद्धार, तोही चित्रासकट, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही समजावा. जमिनीच्या राखणीला आमच्या पूर्वजांनी वकिलाआधी शिवी नेमली होती, आणि ती हजार वर्षं टिकली. कोर्टाचा निकाल तेवढा टिकत नाही.

मला शिवीचा धीर नाही. म्हणून मी नव्या बाईंकडे गेले, खिंडारातून नव्हे, फाटकातून, ताटलीत उकडीचे मोदक घेऊन. त्यांच्याबरोबर नकाशे काढणारा एक मुलगा होता, हातात लाल किरणाचं मोजमापाचं यंत्र. तो मला म्हणाला, "मॅडम, तुमची हद्द नक्की कुठे संपते?" म्हटलं, मोजणीच्या कागदावर विचारत असशील तर त्या चिंचेजवळच्या दगडाशी, पाण्याचं विचारत असशील तर समुद्रात. बाई हसल्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं की पावसात इथून पाणी वाहतं. वाडी त्यांनी डिसेंबरात पाहिली होती. डिसेंबरात आमची वाडी फार शहाणी दिसते.

मी दोन गोष्टी मागितल्या. भिंत घालाच, चोर-गुरांची भीती मलाही आहे; पण पायाशी दर काही फुटांवर पाणी जायला भोकं ठेवा, आणि जिथून आज ओहोळाकडे उतार आहे तिथे पाइप नको, मोकळी मोरी ठेवा, कारण पाइप पहिल्या पावसातच विऱ्यांनी आणि झावळ्यांनी तुंबतो. दुसरं, माईंच्या बाजूला एक लहान फाटक. कुलूप आतून लावा हवं तर. तुम्ही सोमवार ते शुक्रवार नसणार. पंप चालू राहिला, माड तारेवर पडला, तर आठ फुटांवरून आम्ही काय उड्या मारायच्या? बाईंनी वहीत लिहून घेतलं. फाटकाचं पटलं. भोकांचं नकाशेवाल्याला विचारते म्हणाल्या. मोदक मात्र तिथेच संपवले.

"विचारते म्हणजे नाही," माईंनी निकाल दिला. मी तितकी निराश नाही, पण कागदपत्रं काढून ठेवली आहेत. कारण या बाबतीत आपल्याकडेही कायदा आहे, मेलबर्नच्या कायद्याहून साठ वर्षांनी म्हातारा. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906. त्याच्या कलम 5 प्रमाणे शेती-बागायतीच्या जमिनीवरून नैसर्गिकपणे वाहणारं पाणी कोणी बेकायदा अडवलं, किंवा वहिवाटीची वाट बंद केली, तर तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात. दिवाणी कोर्टाच्या मानाने काम सुटसुटीत. अट एकच आहे, आणि आमच्या आळीतल्या दोघांनी ती न कळल्यामुळे हात चोळले: अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. इथल्या भिंती उठतात दिवाळीनंतर, आणि पाणी तुंबतं ते जूनच्या अखेरीला. समोरचा वकील तारीख भिंतीपासून मोजतो. तेव्हा किनाऱ्यावरच्या वाडीवाल्यांनो, शेजारी पायाची चर खणायला घेतली की त्याच आठवड्यात मोदक घेऊन जा, पाणी कुठून काढणार ते विचारा, आणि उतार दिसेल असा फोटो काढून त्यावर तारीख टाकून ठेवा.